डाव्या मनगटावरचं चुंबक

माझा फोन मला दिशा सांगतो. तळहातावर आडवा धरला की त्यातली बाई बोलू लागते, "उत्तर, पाच अंश. उत्तर, तीन अंश." मी जरा वळलो की तिचं बोलणं बदलतं. ज्यांना दिसतं त्यांना याची गंमत वाटते. लग्नात, तेरवीत कोणीतरी हमखास म्हणतं, "दाखव ना भाऊ, तुह्या फोनमधली बाई काय म्हनते," आणि मी दाखवतो. पण गावातून माझ्या शेतापर्यंत मी एकटा जातो तो तिच्याच जोरावर. या उन्हाळ्यात ते जाणं बंद पडता पडता राहिलं, आणि ते चालू ठेवण्यासाठी मी माझ्या बायकोला दुखावलं. शेतात जातो याचा मला पस्तावा नाही. तिला दुखावल्याचा आहे, आणि तरी वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन.

माझे डोळे एका दिवसात गेले नाहीत. लहानपणी रात्रीचं दिसायचं नाही. मग बाजूचं दिसेनासं झालं. चाळिशीच्या आसपास समोर एक भोक उरलं होतं, दाराच्या फटीतून पाहावं तसं, आणि पुढं तेही बुजलं. डॉक्टर म्हणाले, आतला पडदा वाळत जातो, याला औषध नाही. तेव्हापासून घरात दर थोड्या दिवसांनी एकेक गोष्ट माझ्या हातातून गेली. आधी मोटरसायकल. मग वखरणं, मग फवारणी. मग बाजार, कारण एकदा मी मानोऱ्याच्या गर्दीत भलत्याच बाईच्या मागं चालत गेलो. एकेक गोष्ट घरच्यांनी काढून घेतली आणि मी दर वेळी मान हलवली, कारण दर वेळी त्यांचंच बरोबर होतं. शेवटी शेताची वाट तेवढी उरली.

आमचं गाव मानोरा तालुक्यातलं, लहान. गावाच्या टोकाला एक कडुनिंब आहे. तिथपर्यंत भिंती, ओटे, नाल्या, सगळं काठीला लागतं. पलीकडं माझ्या शेताचा धुरा, म्हणजे बांध आहे, त्यावर दगड आणि बोरीची झुडपं आहेत, तीही काठीला लागतात. मधे मात्र ई-क्लासची जमीन पडली आहे, म्हणजे सरकारी चराई. उन्हाळ्यात तिथं काही नसतं. ढोरांनी कुरतडलेलं गवत असतं आणि ढोरांनीच पाडलेल्या पायवाटा असतात, ज्या माणसाला कुठंच नेत नाहीत. आंधळ्या माणसाला भिंत चालते, काटे चालतात, खड्डासुद्धा चालतो. मोकळं मैदान चालत नाही, कारण तिथं ओळखीचं काही हाताला लागत नाही. तेवढ्याच तुकड्यासाठी मला फोन लागतो. निंबाला पाठ लावायची, उत्तर धरायची आणि चालायचं. धुऱ्याचे दगड काठीला लागले की फोन खिशात.

शेतात मी सावलीत बसायला जात नाही. उन्हाळी भुईमुगाला आम्ही तुषारनं पाणी देतो. पाइपावर नोझल बसवलेले असतात, ते फिरताना टक-टक-टक असा आवाज करतात. एखाद्यात कचरा अडकला की त्याचा आवाज जड होतो, थांबतो. मी ओळीनं चालतो, ऐकतो, जो अडला असेल तो बाभळीच्या काट्यानं मोकळा करतो. हे काम डोळे असलेल्या माणसापेक्षा मी चांगलं करतो असा माझा दावा नाही. पण मी ते करतो, आणि संध्याकाळी माझ्या पँटीला चिखल लागलेला असतो. घरी परतताना तो चिखल वाळून पायाला टोचतो, ते मला आवडतं.

फोनचं हे सगळं मला शिकवलं वाशिमच्या एका मित्रानं. तो जन्मापासून आंधळा. त्याच्या वडिलांनी लोकांच्या वावरात मजुरी करून त्याला शिकवलं, आता तो सरकारी कचेरीत टेलिफोनवर बसतो. त्याला कधीही लावा, "जयभीम, बोला," असा ठणठणीत आवाज येतो. पहिल्याच दिवशी त्यानं मला बजावलं होतं, "भाऊ, या फोनमधला कंपास म्हनजे लय हळवा गडी हाये. जमिनीचं चुंबक लय बारीक, त्याच्यावर त्याले उत्तर शोधा लागते. बाजूले लोखंड आलं की हा तिकडंच पाहते. अन् चुंबक आलं त इसरूनच जाते आपन कोन हावो ते."

मग मी एकेक गोष्ट दूर केली. फोनचं झाकणाचं पाकीट होतं, त्याच्या झाकणात चुंबक निघालं, ते फेकलं. लोखंडी खाटेवर बसून दिशा पाहायची नाही. टिनाच्या शेडखाली नाही, हँडपंपाजवळ नाही, ट्रॅक्टरला टेकून तर मुळीच नाही. शर्टाच्या खिशात रेडिओ ठेवायचो, तो घरी ठेवायला लागलो, कारण त्याच्या स्पीकरमागं चुंबक असतं. ॲल्युमिनियमची घडीची काठी चालते, तिच्याशी कंपासला काही देणंघेणं नाही. इतकं करूनही तो बिथरलाच तर मोकळ्या जागी जायचं आणि फोन हवेत आठच्या आकड्यासारखा फिरवायचा, म्हणजे तो ताळ्यावर येतो. निंबाखाली मी असा हात फिरवत उभा असलो की पाण्याला जाणाऱ्या बाया विचारायच्या, "भाऊजी, हवेत काय लिहून राह्यले?" मी म्हणायचो, "तुमचंच नाव लिहून राह्यलो," आणि त्या हसत पुढं जायच्या.

सांगायचं म्हणजे मला चुंबक काय करतं हे माहीत होतं. चांगलंच माहीत होतं.

रामनवमीला माझी बायको गावातल्या बायांबरोबर पोहरादेवीच्या यात्रेला पायी गेली. अनवाणी. जाऊ नको म्हणालो तर म्हणाली, "तुमच्यासाठी नाई चालली, माह्या मनानं चालली." दुसऱ्या दिवशी परत आली तेव्हा मी तिच्या तळपायांना तेल लावलं. माझ्या बोटांना फोड लागत होते, काही फुटलेले. तिनं पाय ओढून घेतला आणि म्हणाली,

"डावा हात द्या."

"काय हाये?"

"द्या ना आधी."

मनगटावर काहीतरी थंड आणि जड बसलं. कडं होतं, टोकं जवळ आलेलं, दाबून बसवायचं.

"यात चुंबक हाये," ती म्हणाली. "इकनारा सांगे, नसा मोकळ्या होते. बी.पी.ले चांगलं, डोयाच्या नसाले चांगलं."

"माह्या डोयात नस राह्यली कुठी आता?"

"म्हनून त देवीच्या पायाले लावून आनलं. त्या इकनाऱ्याचं खोटं निंघन. देवीचं नाई निंघत. काढू नका आता हे."

मी नाही काढलं. चुंबक हा शब्द मी माझ्या कानांनी ऐकला होता. मीच, ज्यानं पाकीट फेकलं आणि रेडिओ घरी ठेवला. पण माझ्या डोक्यात चुंबक म्हणजे पाकीट, स्पीकर, मोटर. जी वस्तू ती फुटलेल्या पायांनी घेऊन आली, देवीच्या पायाला लावून आणली, ती त्या जातीची असू शकते हे मला सुचलंच नाही. ते कडं माझ्यासाठी तिचे पाय होते.

फोन मी डाव्या हातात धरतो. उजव्या हातात काठी असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी निंबाला पाठ लावून उभा राहिलो तर फोन आधी "ईशान्य" म्हणाला. मी मनगट थोडं फिरवलं, तो "उत्तर" म्हणाला, आणि मग उत्तरच म्हणत राहिला. एरवी चालताना तो चार-पाच अंश इकडं, चार-पाच तिकडं डुलतो, कारण मीच डुलत असतो. त्या दिवशी मात्र, "उत्तर, दोन अंश. उत्तर, दोन अंश. उत्तर, दोन अंश." मला अभिमान वाटला. वाटलं, आता चाल बसली आपली, दोरी धरल्यासारखं सरळ चालतो आहे.

उत्तरेला जाताना सकाळचं ऊन माझ्या उजव्या गालावर असतं. अर्ध्या वाटेवर ते कपाळावर आलं होतं. मला जाणवलं. मी खोटं बोलणार नाही, मला स्पष्ट जाणवलं की ऊन आता समोरून येतं आहे. आणि मी उन्हाला खोटं ठरवलं, कारण फोन खरा वाटत होता.

मग काठी खाली गेली आणि तिला काहीच लागलं नाही.

माझा पुढचा पाय एका दगडावर होता. त्याच्या पुढं काही नव्हतं. पायाखालून एक खडा सुटला. तो पाण्यात पडल्याचा आवाज यायला इतका वेळ लागला की तेवढ्यात मला समजलं मी कुठं आहे. ई-क्लासच्या पूर्वेला माझ्या चुलतभावाचं वावर आहे आणि त्याच्या कोपऱ्यात त्याची विहीर, जमिनीला सपाट, कठडा नसलेली. एरवी तिथल्या मोटरीची घरघर दुरून ऐकू येते आणि मी तिच्यापासून लांब राहतो. त्या सकाळी लाइन नव्हती, मोटर बंद होती.

मी मागं बसलो. ओरडलो. चुलतभाऊच धावत आला, त्यानं मला दंडाला धरून उभं केलं आणि तसंच धरून सगळ्या गावातून घरी आणलं. लोक ओट्यांवरून विचारत होते काय झालं, आणि तो प्रत्येक ठिकाणी थांबून सांगत होता. "दादा माह्या विहिरीवर होता. एक पाऊल राह्यलं होतं. एकच." घर येईपर्यंत ती गोष्ट मी इतक्यांदा ऐकली की मलाच माझी कीव यायला लागली.

बायको रडली नाही. तिनं माझ्या हातातली काठी घेतली आणि आत कुठंतरी ठेवून आली.

"बस झालं. आता घरी राहा."

"अन् भुईमूग?"

"भुईमूग गेला खड्ड्यात."

"मी पडाले नको, भुईमुगाले पडू दे म्हनते काय?"

एरवी ती अशा बोलण्यावर हसते. त्या दिवशी नाही हसली.

मग घरात बसणं सुरू झालं. सकाळी ऊन ओट्यावर यायचं, मी त्याच्यासोबत सरकत सरकत भिंतीपर्यंत जायचो. चुलतभाऊ त्याच्या वावरासोबत माझं पाणीही पाहत होता. तो माझ्याहून लहान, मनानं चांगला, पण त्याच्या बोलण्यात मला आता एक नवीन सूर ऐकू यायचा, जसा आपण आजाऱ्याशी बोलतो. "सगयं बराबर चालू हाये दादा, तू काहून काळजी करतो?" नोझल अडले होते का विचारलं तर म्हणायचा, "अडलं त अडलं, पानी त जातेच ना." मला वाटत होतं चूक माझीच आहे. डोळे गेले, आता डोकंही जायला लागलं, ऊन समोर आलं आणि मी चालतच राहिलो. असा माणूस घरीच बरा.

आणि मला हेही कळत होतं की या वेळी मान हलवली तर परत कधी बाहेर पडणार नाही. वाट आपोआप राहत नाही, ती चालली तरच राहते. महिनाभर चाललो नसतो तर निंबापर्यंतही भीती वाटली असती.

मित्राचा फोन आला तो त्याच्या कचेरीतल्या कुठल्याशा गमतीसाठी. माझा आवाज ऐकून तो थांबला. मी सगळं सांगितलं. त्यानं सहानुभूती दाखवली नाही, तो तसा माणूसच नाही.

"फोन काय म्हने तवा?"

"उत्तर. पूर्ण वेळ उत्तर. हललाच नाई."

"हललाच नाई?" तो म्हणाला. "भाऊ, मानूस चालून राह्यला अन् कंपास हलत नाई, असं कधी होते काय? आंगनात ये. लोखंड नाई अशा जागी. मले स्पीकरवर ठेव अन् कंपास चालू कर. आता गोल फिर."

मी अंगणाच्या मधोमध उभा राहिलो. फोन म्हणाला, "उत्तर."

"अजून फिर."

"उत्तर."

"अजून."

"उत्तर, दोन अंश."

मी फिरत फिरत जागेवर आलो, ऊन पाठीवर, कानावर, तोंडावर, परत पाठीवर येऊन गेलं, आणि ती बाई एकाच सुरात उत्तर, उत्तर म्हणत होती. मित्र मोठ्यानं हसला.

"चारी बाजूनं उत्तर? तू काय दक्षिण ध्रुवावर उभा हाये काय रे?" मग हसू आवरून म्हणाला, "कंपासले काही नाई झालं. त्याची कोनीतरी मानगूट धरून ठेवली हाये. तुह्या संगच फिरून राह्यलं ते, म्हनून त्याले काही बदलल्यासारखं वाटतच नाई. हातात काय हाये तुह्या?"

"काही नाई."

"घड्याळ?"

"नाई."

"कडं?"

माझा उजवा हात डाव्या मनगटाकडं गेला.

"भाऊ, कडं हाये काय?"

मी कडं काढलं, दूर ओट्यावर नेऊन ठेवलं, फोन हवेत आठसारखा फिरवला आणि परत गोल फिरलो. उत्तर. पूर्व. दक्षिण. पश्चिम. बाई अशी घडाघड बोलली की जणू इतके दिवस तोंड दाबून ठेवलं होतं. कडं घातलं, परत उत्तर, उत्तर. मी पुन्हा काढलं, पुन्हा घातलं. माझं डोकं शाबूत होतं. छाती भरून आली, आणि लगेच या सुटकेची दुसरी बाजू मला दिसली. मी शाबूत असेन तर मला विहिरीवर नेलं ते तिच्या कड्यानं.

मित्र म्हणाला, "काढ अन् घरी ठेवून जात जा. वहिनीले सांगाची काय गरज हाये?"

मी ती दुपार याच विचारात घालवली. निंबापाशी काढायचं, फांदीला अडकवायचं, येताना घालायचं. तिला काही कळलं नसतं. पण काठी तिच्याकडं होती. काठी मागायची तर मला कारण द्यायचं होतं, आणि खरं कारण एकच होतं. ते सांगितलं तर तिला कळणार की ती फुटलेल्या पायांनी जे घेऊन आली त्यानं नवऱ्याला विहिरीच्या काठावर नेऊन उभं केलं. न सांगितलं तर मी जन्मभर ओट्यावर. दोघांपैकी एकाला हे ओझं उचलायचं होतं. मी सांगितलं, आणि इथं मला काही सजवायचं नाही. मी ते माझ्यासाठी सांगितलं. तिच्या भल्यासाठी नाही.

ती सुपात तूर पाखडत बसली होती.

"विहिरीकडं मले माह्या डोक्यानं नाई नेलं," मी म्हणालो. "अन् फोननंही नाई. या कड्यातल्या चुंबकानं फोन फिरवला."

सुपाचा आवाज थांबला.

"कोन म्हनते?"

"तूच पाह्य."

तिनं फोन घेतला. तिला दिसतं, पडद्यावरचा काटा तिनं डोळ्यांनी पाहिला. कडं हातात घेऊन ती अंगणात फिरली, मग कडं ठेवून फिरली. मी तिची पावलं ऐकत होतो. ती पाच-सहा वेळा तरी गोल फिरली असेल, माझ्यापेक्षा जास्त. मग येऊन बसली.

"म्हनजे मी तुमाले विहिरीत धाडून राह्यली होती."

"तू नाई. कडं."

"कडं काय आपल्या पायानं आलं पोहरादेवीहून?"

मी चाचपून कडं उचललं.

ती म्हणाली, "उजव्या हातात घाला मंग." आम्ही करून पाहिलं. काठीचा हात फोनजवळ आला की दिशा वीस-तीस अंशांनी उडायची. "करदोड्याले बांधा." फोन पोटाशी धरतो, कमरेपासून तो किती लांब? ती म्हणाली शर्टाच्या मागं शिवून देते. म्हणाली उशीखाली तरी ठेवत जा. तिच्या आवाजात अशी अजीजी मी क्वचित ऐकली होती, आणि माझ्या तोंडात 'बरं' हा शब्द आला होता. पाठीमागं शिवलं असतं तर कदाचित चाललंही असतं. तरी मी म्हणालो,

"नाई. अंगावर नाई घालत मी."

"देवीच्या पायाले लावलेलं हाये ते."

"असू दे. गाडी दिली, बाजार दिला, फवारा दिला, जे जे मांगतलं ते देऊन टाकलं मी. ही वाट नाई देत. देवीलेही नाई अन् तुलेही नाई."

हे बोलणं वाईट होतं. निम्मा राग तिच्यावर नव्हताच, तो कोणावर होता मला माहीत नाही, पण ऐकायला तीच समोर होती. मी ते परत घेतलं नाही.

मग तिच्या काचेच्या बांगड्यांवर धातू आपटल्याचा आवाज आला.

"मंग मीच घालते. वाया नाई जाऊ देत," ती म्हणाली. "अन् आता वाटेनं चालताना माहा हात धरू नका. तुमचा कंपास बिघडन."

दुसऱ्या दिवशी सकाळी काठी मी शोधून काढली, ती कोठीच्या मागं होती. तिनं पाहिलं असणार. अडवलं नाही, दिलीही नाही. मी चपला घालत होतो तेवढ्यात चुलतभाऊ आला.

"दादा, कुठी निंघाला?"

"वावरात."

"वहिनी, सांगा ना याले काही!"

"मले कायले सांगता?" आतून ती म्हणाली. "त्याइले सांगा. त्याइच्याजवळ कंपास हाये."

तो माझ्याजवळ येऊन बसला. त्या आजाऱ्याशी बोलायच्या सुरात म्हणाला, "दादा, समजून घे. लोक मले इचारतीन. माह्या विहिरीत पडला असता तर?"

"तुह्या विहिरीत," मी म्हणालो. "बरोबर बोलला. इहीर तुही, कठडा नाई, अन् घरी मी बसू काय?"

"आरे पन आंधया मानसानं..."

"मागच्या पावसाळ्यात तुही कालवड तिथंच घसरली होती. दोर लावून काढली. तवा तू कालवडीले घरी बसवलं काय? कालवडीले त डोये हायेत."

आतून बायकोचा हसण्यासारखा एक आवाज आला आणि लगेच बंद झाला.

"कठडा काय एका दिवसात होते?" तो म्हणाला. आता त्याचा सूर बदलला होता, तो चिडला होता, आणि मला बरं वाटलं. किती दिवसांनी तो माझ्यावर चिडला.

"कठडा नाई होत. काट्याचं कुंपन होते."

"कोन लावते?"

"मी लावतो."

मी उठलो. निंबापाशी गेलो, फोन आठसारखा फिरवला, उत्तर धरली. बाई पुन्हा नेहमीसारखी डुलायला लागली, चार अंश इकडं, तीन तिकडं, आणि मला तो डुलणारा आवाज फार चांगला वाटला. ऊन उजव्या गालावर होतं, तिथंच राहिलं. धुऱ्याचे दगड लागले. तिथं बाभळीच्या छाटलेल्या काट्या पडून होत्या. दोन फांद्या बुडाला धरून मी ओढत पूर्वेकडं निघालो. त्या दिवशी लाइन होती. विहिरीच्या काठावरची मोटर घरघरत होती आणि मी त्या आवाजाकडं चाललो. जवळ गेल्यावर फोन भलतंच बोलायला लागला, एवढ्या लोखंडाजवळ तो तेच करणार. मी तो बंद केला, गुडघ्यांवर बसलो आणि काठीनं काठ शोधला. काठापासून काठीभर मागं पहिली फांदी आडवी टाकली. मग दुसरी. मग परत धुऱ्यावर.

किती खेपा केल्या मोजल्या नाहीत. हाताला काटे लागले. चुलतभाऊ आला की नाही मला माहीत नाही, आला असेल तर लांबून पाहून गेला. एका खेपेला मी फांदी टाकून दम खात होतो तेव्हा वाऱ्याच्या बाजूनं बायकोचा आवाज आला.

"तिकडं झालं. उजव्या हाताले मोकळं हाये अजून."

ती जवळ नव्हती. ई-क्लासवरच कुठंतरी उभी राहून ओरडत होती.

मी उजवीकडं एक टाकली.

"अजून एक लागते."

मी अजून एक आणली. ती म्हणाली, "सरकवा जरा. हां. बस." एवढंच. मदतीला आली नाही, आणि मी बोलावलं नाही.

"आता घरी जा तू," मी म्हणालो. "मी भुईमूग पाहून येतो."

मला वाटलं ती उभी राहील. इतकी वर्षं मी कुठंही गेलो की तिची चाहूल मागं असते, ती कितीही हळू चालली तरी मला कळते. मी कान देऊन थांबलो. तिच्या चपलांचा आवाज गावाकडं निघाला, लहान होत गेला आणि मोटरीच्या घरघरीत मिसळून गेला. ती खरंच गेली. मला एकट्याला त्या विहिरीपाशी सोडून गेली. हेच मी मागत होतो, यासाठीच तिला नको ते बोललो होतो, आणि मिळाल्यावर मी त्याच घरघरीत तिची पावलं शोधत राहिलो.

मी मोटरीपासून पुरेसा लांब झालो, फोन चालू केला आणि वावराकडं चालू लागलो.